गॅस बंद!

३ मार्च, सोमवार

आणि मी एका जागी टिकत नाही हे तर साफ खोटं आहे. जागाच टिकत नाहीत. गॅरेज मालकाने विकून टाकलं. बेकरीत पिठाने शिंका यायच्या, त्यात माझा काय दोष? गोदामाचं काम मी स्वतः सोडलं, पण ते तत्त्वासाठी. (कोणतं तत्त्व ते आता नीट आठवत नाही.) हे सगळं बाबांना फोनवर पुन्हा एकदा समजावलं. ते नुसतं ‘बरं’ म्हणाले. तोंडात दात नसल्यामुळे त्यांचं ‘बरं’ फार लांबून आल्यासारखं वाटतं, आणि जास्त लागतं.

म्हणून ही वही. स्टोअरकीपरकडून मागून घेतली. पहिली चार पानं त्याने फाडून घेतली, त्यात म्हणे त्याच्या कविता होत्या.

ठरलं ते असं. धाकटीचं लग्न तीस तारखेला. त्याआधी बाबांना कवळी. वरची आणि खालची, पूर्ण. सहा हजार. दातांच्या डॉक्टरने सांगितलंय, बावीस तारखेच्या आत माप द्यायला या आणि पैसे घेऊनच या. माझा पगार वीसला. हातात सात हजार येतात, राहणं-खाणं फायर स्टेशनातच. म्हणजे सहा सहज जातात. गणित इतकं सोपं असताना लोक काळजी कशाला करतात कळत नाही.

धाकटीला सांगून टाकलं, लग्नाच्या फोटोत बाबा दात दाखवून हसणार, जबाबदारी माझी. ती म्हणाली, दादा, तू मागे सायकलची पण जबाबदारी घेतली होतीस. मी विषय बदलला.

शिवाय : रोज पाचला उठणे. उद्यापासून.

४ मार्च, मंगळवार

उठलो साडेसातला. वही उशाखाली होती, तिच्यामुळे मान अवघडली.

मी इथे लागून दोन महिने झाले. अजून एकही आग नाही. लिफ्टमध्ये अडकलेले अकरा. गटारात पडलेलं कुत्रं एक. बाथरूमची कडी आतून लावून बसलेली पोरं दोन. नुसतं कुणीतरी बटण दाबलं म्हणून धावलो, असं नऊ वेळा. एवढं मोठं शहर, पण पेटत म्हणून नाही. मी प्रोबेशनवर आहे. महिनाअखेर साहेब माझा रिपोर्ट लिहिणार. एक तरी आग मिळाली तर त्यांना लिहायला काही राहील.

इथल्या रीती लिहून ठेवतो, पुढे माझ्यावर कुणी लिहिलं तर उपयोगी पडतील.

पहिली, आइस्क्रीमची. माणसाच्या हातून जे काही पहिल्यांदा घडेल त्याचं आइस्क्रीम. पहिली उंच शिडी, पहिली आग, पेपरात पहिला फोटो. शिवाय बंबावर सगळ्यांत शेवटी चढला त्याचंही. सगळ्या पाळीला द्यायचं, बावीस माणसं. ही रीत कुणी सुरू केली कुणालाच माहीत नाही. साहेबांनीही एके काळी दिलंय. समोर आइस्क्रीमवाल्या मावशी आहेत, घंटा वाजली की त्या आधी कोण शेवटी चढतोय ते बघतात.

दुसरी, गॅसची. सगळ्यांत नवा माणूस रांधतो. घंटा झाली की रांधणाऱ्याने गॅस बंद करायचा आणि बंबावर चढताना ‘गॅस बंद!’ असं ओरडायचं. ते ऐकल्याशिवाय ड्रायव्हर बंब हलवत नाही. ड्रायव्हर म्हणजे आजोबा. एकतीस वर्षं नोकरी, एक गुडघा कामातून गेलेला. सगळे त्यांना आजोबाच म्हणतात, साहेबसुद्धा.

मला हे ओरडणं पोरकट वाटतं. पण रीत आहे तर आहे.

६ मार्च, गुरुवार

बंबावर शेवटी चढलो. डावा बूट उजव्या पायात गेला. असं कुणाचंही होऊ शकतं. बावीस कप. मावशी म्हणाल्या, वा, महिन्याची बोहनी तुझ्याकडून. उधारीवर लिहून घेतलं. काही फार नाही.

९ मार्च, रविवार

पुन्हा शेवटी चढायचं नाही, हा पक्का निश्चय. अभ्यास केला. गॅस बंद करायचा, मग पळायचं, मग ओरडायचं, यात वेळ फुकट जातो. मी दारातूनच ओरडायला सुरुवात करतो आणि हात मागे गॅसकडे. चार सेकंद वाचतात. तीन वेळा करून बघितलं. तिन्ही वेळा पहिल्या पाचांत.

आजोबांच्या लक्षात आलं. म्हणाले, आधी हात, मग तोंड. मी हो म्हणालो. जुन्या माणसांना वेगाची किंमत नसते.

१२ मार्च, बुधवार

पहिली उंच शिडी. अर्ध्यावर गेल्यावर मी थांबलो. घाबरलो नव्हतो, शहर बघत होतो. खालून पाळीतल्या एकाने विचारलं, काय रे, वरून घर दिसतंय का तुझं? डोळे मिटलेले असल्यामुळे उत्तर दिलं नाही. मग आजोबांनी शिडी हळूच खाली घेतली. तरी ‘पहिली शिडी’ धरलीच. माझं म्हणणं, अर्ध्या शिडीचं अर्धं आइस्क्रीम. कुणी मानलं नाही. पुन्हा बावीस कप.

बाजारातून काचेची फ्रेम आणली, पगारावर उधार. पेपरात फोटो येईल तेव्हा धावपळ नको. पळायचे बूटही तसेच घेतले, पाचला उठून पळण्यासाठी.

१४ मार्च, शुक्रवार

घरी फोन. बाबांना सांगितलं, काल चौघांना आगीतून काढलं. खरं तर लिफ्टमधून. पण लिफ्टमध्ये भयंकर गरम होत होतं, पंखा बंद, एक बाई तर घामाने भिजली होती. फरक थोडाच आहे.

बाबा म्हणाले, जपून रे. मग धाकटीने फोन ओढून घेतला. म्हणाली, बाबांनी सगळ्या गावाला सांगितलंय की पोरगा दात पाठवतोय. आणि आरशासमोर उभे राहून हसून बघतात, तोंडावर हात धरून.

मी म्हणालो, बावीसच्या आत. म्हणजे एकवीसलाच.

बूट अजून खोक्यात. पाय दुखतात.

१७ मार्च, सोमवार

चोवीस तासांची ड्यूटी. सात वेळा घंटा. आग नाही.

चौथ्या मजल्यावर एक दार तोडलं. आत एकटे म्हातारे, जमिनीवर, कालपासून पडलेले. जिवंत होते. आधी पाणी मागितलं आणि मग विचारलं, दाराचे पैसे कोण देणार? त्यांना दवाखान्याच्या गाडीत घालून आम्ही निघालो, तर आजोबा खाली आलेच नाहीत. वर जाऊन बघतो तो हे गुडघा सरळ ठेवून जमिनीवर बसलेले आणि बिजागऱ्या ठोकतायत. म्हणाले, माणूस घरी येईल तेव्हा दार नको का?

खिळे मी धरले. हेल्मेट काढल्यावर कपाळावर गोल वळ राहतो, तो आता जातच नाही. आज काही ठरवलं नाही.

२० मार्च, गुरुवार. सकाळी ११

पगार झाला! मावशींची उधारी, फ्रेम आणि बूट वजा जाता पाच हजार साठ. म्हणजे पूर्ण कवळी या महिन्यात बसत नाही. पण शांतपणे विचार केला. फोटोत खालचे दात कुणाचेच दिसत नाहीत. वरची कवळी बत्तीसशे. वरची आत्ता, खालची पुढच्या महिन्यात. उलट हेच बरं, एकेका जबड्याची सवय होईल. उद्या सकाळी पैसे पाठवणार.

रांधायची पाळी माझी. आज पगार, म्हणून तळलेले बटाटे आणि मासे. तेल तापत ठेवलंय. मन प्रसन्न.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

सव्वाअकराला घंटा झाली. मी दारातूनच ‘गॅस बंद!’ ओरडलो. स्पष्ट आणि मोठ्याने. यावर बावीस साक्षीदार आहेत. बंबावर दुसरा चढलो, हा माझा विक्रम. आजोबांनी ऐकलं आणि गाडी सोडली.

पुन्हा लिफ्ट. तीन माणसं आणि एक केक. माणसं काढली. साहेब खाली उभे, तेवढ्यात वायरलेसवर आगीची वर्दी आली. शेवटी एकदाची आग! साहेबांनी पत्ता लिहून घेतला. मग लिहिलेला पत्ता वाचला. मग पुन्हा वाचला. मग बंबावरच्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं आणि विचारलं, आज रांधायला कोण होतं?

पत्ता आमच्याच स्टेशनचा होता.

परत निघालो. आजोबांनी भोंगा लावला होता. आपल्याच घराकडे भोंगा वाजवत जाणं फार विचित्र वाटतं. लोक बाजूला होतात आणि आपल्याला वाटतं, नका होऊ.

पोचेपर्यंत पुलापलीकडच्या स्टेशनचा बंब आमच्या दारात. अठरा माणसं. ते आमच्याकडे नेहमीच वरून बघतात, आज तर हक्कच होता. आग विझली होती. जेवणाची खोली गेली, कपाट गेलं, दोरीवर वाळत घातलेला साहेबांचा शर्ट गेला. माणूस कुणी नव्हतं आत, तेवढं चांगलं. त्यांचा प्रमुख बाहेर आला, काळी कढई माझ्या हातात दिली आणि म्हणाला, घ्या, जेवण तयार आहे.

मी फूटपाथवर बसलो. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.

हात गॅसकडे गेला होता, हे मला पक्कं आठवतं. पोचला की नाही एवढाच प्रश्न आहे.

२१ मार्च, शुक्रवार

पेपरात आलो. पहिल्या पानावर, खाली. पूर्ण गणवेश, मांडीवर कढई. फोटो चांगला आलाय, हनुवटी वर आहे. मथळा लिहीत नाही. फ्रेमच्या मापाला बातमी किंचित मोठी पडते.

चौकशी. साहेबांनी विचारलं, ओरडलास का? म्हणालो, हो. बंद केलास का? मी म्हणालो, ओरडलो. मग आजोबांना बोलावलं. आजोबा म्हणाले, पोरगा हाताआधी ओरडतो हे मला दहा दिवस माहीत होतं, तरी मी गाडी सोडली, अर्धी चूक माझी लिहा. साहेबांनी लिहिली. एकतीस वर्षांत त्यांच्या नावावर पहिलीच.

मला काढलं नाही. प्रोबेशन सहा महिने वाढवलं. म्हणजे मी त्यांना हवा आहे, नाहीतर वाढवलं असतं का? जेवणाच्या खोलीचे चार हजार आजच भरून घेतले. उरले एक हजार साठ.

धाकटीला फोन केला. डॉक्टरला विचारायला सांगितलं, एवढ्या पैशांत पुढचे तीन दात बसतील का? तिने खरंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, तीन कुणी बसवत नाही, आणि फुकट हसले.

पैसे मग उद्याच पाठवेन.

२२ मार्च, शनिवार

पाचला उठलो. झोपलोच नव्हतो, पण उठलो हे खरं.

आइस्क्रीम. पेपरात पहिला फोटो, त्याचं एक. आणि पाळीतला एकजण बोट वर करून म्हणाला, थांबा, याची ही पहिली आगपण होती की! म्हणजे दुसरं. शिवाय पुलापलीकडचे अठरा, ते तर आपणहून येऊन बसले. आजोबांनी तडजोड केली, दोन्हींचं मिळून एकच. चाळीस कप. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, घरी लग्न आहे ना, पुढच्या महिन्यात दे, कुणी काही म्हणणार नाही.

मी नाही म्हणालो. जो पळून जाणार असतो तो उधार ठेवतो. मी इथे राहणार आहे. हे तत्त्व आहे, आणि या वेळी कोणतं तेही आठवतंय. मावशींना सहाशे ऐंशी रोख दिले. सगळ्यांनी भिंतीला टेकून उभ्याने खाल्लं, बसायला खोली नव्हती. जळकट वास येत होता. आजोबांनी कप तसाच हातात धरला, तो पार वितळला.

दुपारी घंटा झाली. रांधणं आता फूटपाथवर, एका शेगडीवर. मी आधी हाताने बंद केला, वाकून बघितला, मग ओरडलो. तरी आजोबा खाली उतरले. अकरा पावलं शेगडीपर्यंत, अकरा परत, गुडघा धरून. वाकून बघितलं आणि मग गाडी सोडली. सगळे बंबावर बसून बघत होते. मावशीपण.

नंतर घरी फोन. धाकटीने बातमी आधीच वाचून दाखवली होती. मी तयारी केली होती, तेल कसं खराब होतं, गॅसची चावी कशी ढिली होती. बाबांनी फोन घेतला आणि विचारलं, भाजलास का?

नाही म्हणालो.

हात बघू, असं म्हणाले. फोनवर. मी हात बघितले. म्हणालो, ठीक आहेत.

मग ते ‘बरं’ म्हणाले. दातांचं मीच काढलं. ते म्हणाले, अरे, फोटोवाल्याला सांगू, लांबून काढ. मी म्हणालो, नाहीतरी मुलीच्या बापाने गंभीरच दिसायला हवं, जास्त हसणं बरं दिसत नाही, पाहुणे काय म्हणतील. ते हो हो म्हणाले. बराच वेळ हो हो म्हणत होते.

फ्रेम मावशींना विकायला बघितली. घेतली नाही.

पाठवतोय : तीनशे ऐंशी.