नसीमच्या कॅसेटीतला सातवा धडा

९ नोव्हेंबर ९७, लातूर
चौथी कॅसेट भरून झाली. नसीमचा बारावीचा इतिहास. गल्लीच्या तोंडाशी करीमभाई टेलर आहेत, त्यांची ही पोरगी. डोळ्यांनी अजिबात दिसत नाही, पण कान असे तिखट की आज म्हणाली, "काकू, तिसऱ्या धड्यात तुम्हाला सर्दी झालेली." आमच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली की फ्रान्सचा राजा मरतो म्हणे! मी म्हटलं, शिट्टी पुसून परत भरते. "नका, तेच ध्यानात राहतं."
डब्यांना दोऱ्यानं शर्टाची बटणं बांधलीत. पहिलीला एक, चौथीला चार. टेलरचीच पोरगी.

२३ नोव्हें.
तिच्याबरोबर कॉलेजात, लेखनिकाच्या अर्जासाठी. क्लार्क मला विचारतो, "हिचं नाव काय?" नसीमनंच सांगितलं. तरी पुढचा प्रश्न पुन्हा मलाच. "भूकंपात गेले का डोळे?" "न्हाई, गोवर आलता. दोन वर्षांची होते." तसा त्याचा चेहरा उतरला. बसा म्हणणार होता, तेही राहिलं.
बाहेर आल्यावर ही हसते. "भूकंप म्हटलं असतं तर खुर्ची भेटली असती, काकू."
परीक्षेची खोली दुसऱ्या मजल्यावर. जिन्याला कठडा नाही.
संध्याकाळी भिशीत सगळ्या, "शैलावहिनी, लई पुण्याचं काम करून राहिलात." खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. घरी येऊन ह्यांनाही सांगितलं.

१४ डिसें.
परवा अहमदपूरला पुतणीचं लग्न. बॅगा, आहेराच्या साड्या, त्यात घसा बसलेला. सातवा धडा चीनचा, बावीस पानं. पल्लवी जेवता जेवता म्हणाली, "मागच्या वर्षी पेपरात आलाय ना चीन? मग यंदा येतच नाही. आमच्या क्लासात सर असलं वाचूच देत नाहीत." लेक बारावी सायन्सला, घरात सध्या क्लासच्या सरांचा शब्द म्हणजे देवाचा.
आठव्यावर गेले. दर वेळी "धडा अमुक" म्हणते, या वेळी नुसतं "पुढचा धडा" म्हटलं. मुद्दाम.

२ जाने. ९८
शेवटची, दहावी कॅसेट देऊन आले. नसीम : "काही सुटलं न्हाई ना काकू?"
मी : "न्हाई गं बाई. सगळं झालं."
लगेच म्हटलं. थोडंसुद्धा अडखळले नाही.

मार्च, इतिहासाचा पेपर
चीन आला. मोठा प्रश्न, वर टीपही चीनवरच. पल्लवीच्या मैत्रिणीकडून कळलं. तव्यावरची पोळी करपली.
नसीमकडं गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

जून, निकाल
पल्लवी चांगली पास. पेढे.
नसीम बाकी सगळ्यात पास, इतिहासात एकोणतीस. म्हणजे नांदेडचा टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स गेला. त्याला बारावी लागते. तिथं खालाकडं, म्हणजे मावशीकडं राहायचं ठरलं होतं, नवी काठीही घेतली होती.
पेढे घेऊन गेले तर पोरगी माझीच समजूत काढते! "तुम्ही एवढा घसा फोडला, मीच ध्यान दिलं न्हाई." मेले मी तिथंच. पेढ्याचा पुडा हातात तसाच.

२१ जून
तिच्या हातात कॅसेटी, एकेका बटणावर बोट. पहिलीपासून परत ऐकून राहिलीय. "चीन कुठंतरी असंलच काकू. तुम्ही वाचलाय म्हणल्यावर जातो कुठं?"
रोज ऐकते म्हणे. चार दिवस झाले.
आज सांगायचंच म्हणून गेले होते. पावसाळा कसा आहे यावर बोलून आले.

२८ जून
आता नसीमच्या घरात वेगळंच. नसीमनं शोध लावला : सहाव्या कॅसेटीत मधेच खट् होतं, तिथं अम्मीनं चुकून दुसरं काही भरलं, तिथंच चीन पुसला गेला. आईशी बोलत नाही. अम्मी माझ्यापुढं चहा ठेवून म्हणतात, "माझ्याच हातून झालं असंल बाई. मला त्या मशीनचं काय कळतं?" आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या.
करीमभाई मशीनवरून न उठता, "बस झाली ती परीक्षा. घरात भांडणं लागली. ऑक्टोबरचा फारम भरायचा न्हाई."
ते खट् माझंच. तिथंच मी बटण दाबून पानं उलटली होती.
चहा प्याले मी. सगळा प्याले! असली कसली बाई मी?

३० जून
ह्यांना सांगितलं. हे म्हणतात, "नवीन धडा भरून दे, गप बस. कशाला सांगायचं?" तीच तर माझी खोड, कुणाला दिसत नाही म्हणून खपवायचं.

१ जुलै
दुपारी भरली. बावीसच्या बावीस पानं. सुरुवातीला : "धडा सातवा. नसीम, हा मी तेव्हा वाचलाच नव्हता. लग्नाची घाई होती, आणि यंदा येणार नाही असं मीच ठरवलं. अम्मीनं काही पुसलेलं नाही. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले." तीनदा भरलं. दोनदा रडणं आलं, ते पुसलं. रडून तिच्याकडून माफी काढायची नव्हती.
सातव्या धड्याची म्हणून पल्लवीच्या जुन्या फ्रॉकची सात बटणं काढून डबीला बांधली. तोंडानं सांगायची छाती झाली नाही, हेही खरं. डबी करीमभाईंच्या हातात दिली.

३ जुलै
फॉर्मची मुदत परवापर्यंत. दोन दिवस निरोप नाही. ब्लाउजपीस घेऊन दुकानात गेले. नसतं निमित्त. करीमभाई नेहमीसारखे, "बसा भाभी." त्यांना काही माहीत नसावं.
मागं पडदा, पडद्यामागं घर. तिथून माझा आवाज आला. "धडा सातवा. नसीम, हा मी तेव्हा..." "मी खोटं बोलले" इथपर्यंत गेला. खट्. मागं घेतल्याची किरकिर. परत "धडा सातवा." परत खट्.
करीमभाईंची मशीन थांबली.
मग आत नसीमची हाक, "अम्मी, इकडं ये. हे ऐक."
करीमभाई मापाची टेप हातात धरून उठलेले, आणि खांद्यांचं माप द्यायला मी तशीच उभी.