घड्याळ बरोबर होतं

प्रिय वैशाली,

गेल्या रविवारी गार्गी तुझं पळायचं घड्याळ घेऊन नाशिकला परत गेली आणि जाताना माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. आपली मुलगी अशी कधी गेली होती का? का गेली, ते तुला सांगायला हवं. खरं तर तुलाच सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं.

तुला पळायचं वेड पंचेचाळिसाव्या वर्षी लागलं. शाळेतल्या शिक्षकांच्या शर्यतीत शेवटून दुसरी आलीस, आणि दुसऱ्याच दिवशी बूट घेऊन आलीस. मी हसलो होतो. महिनाभराने तू म्हणालीस, "अहो, मी किती पळते ते मलाच कळत नाही." म्हणून वाढदिवसाला ते घड्याळ आणलं.

पहिल्या दिवशी बटण दाबलंस आणि सुटलीसच. घरी येऊन फोनवर नकाशा पाहिला, तर बाईसाहेबांनी सुरुवात केली होती दमणगंगेच्या भर पात्रातून! मग मी समजावलं, की आधी मोकळ्यावर दोन मिनिटं उभं राहायचं, त्याला वरचे उपग्रह सापडू द्यायचे, मग निघायचं. तेव्हापासून तू रोज सोसायटीच्या गेटपाशी हात पुढे धरून उभी राहायचीस. वॉचमनने एकदा विचारलंही, "भाभी, टाइम नहीं मिल रहा क्या?" त्या दिवशी आमलीच्या बाजारापर्यंत हसत पळाले, असं तूच सांगितलंस.

पळायचं काम तुझं, घड्याळाची निगा माझी. तू घामेजलेलं घड्याळ तसंच चार्जिंगला लावायचीस. मागच्या पितळी टोकांवर हिरवट थर चढला, तेव्हा मी गार्गीच्या जुन्या ब्रशने तो घासून काढला. साध्या पाण्याने धुवायचं, साबण नाही, कोरडं पुसायचं आणि मगच चार्जरला लावायचं, हे तुला किती वेळा सांगितलं असेल? शेवटी ते मीच करू लागलो. दर रविवारी गॅलरीत पेपर पसरून बसायचो. "माझ्यापेक्षा त्याचेच लाड जास्त होतात," असं तू म्हणायचीस. मला ते कौतुक वाटायचं.

जानेवारीत तुला ताप आला. आठवड्यात उतरला, तू शाळेत जायला लागलीस, हळूहळू पळायलाही. घड्याळ रोज सकाळी विश्रांतीतली नाडी दाखवायचं. तुझी अठ्ठावन्नच्या आसपास असायची आणि त्याचा तुला केवढा अभिमान! तापानंतर ती सहासष्ट झाली, मग सत्तर. एका सकाळी चहा घेताना तू मनगट माझ्यापुढे धरलंस.

"हे बघा, नुसती बसलेय तरी अठ्ठ्याऐंशी दाखवतंय. आणि काल शाळेचा जिना चढताना मला धाप लागली."

मी काय म्हणालो, आठवतं? "पट्टा सैल आहे. काच मळली असेल."

खडोलीच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये गेली. मीटर भलतंच काही दाखवायला लागलं, की आम्ही आधी मीटरवर संशय घेतो. घरीही तेच केलं. मागची काच पुसली, घड्याळ बंद करून चालू केलं, फोनला जोडून अपडेट दिलं. तू आत डबा भरत होतीस.

आता ती गोष्ट, जी मी तुला सांगितली नाही. मी ते माझ्या मनगटावर बांधलं. पाच मिनिटं शांत बसलो. त्याने चौसष्ट दाखवले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, बोटांनी स्वतःची नाडी मोजली. चौसष्टच. म्हणजे घड्याळ बरोबर होतं, वैशाली. मला त्याच सकाळी कळलं होतं.

तू बाहेर आलीस, तेव्हा मी ते तुझ्या हातात दिलं आणि म्हणालो, "झालं ठीक. घट्ट बांधत जा."

का म्हणालो असं? त्या आठवड्यात कारखान्यात शटडाऊन होतं, वर्षातून एकदा सगळी यंत्रं उघडतात ते. माझ्या डोक्यात तेच होतं. रविवारी तुला डॉक्टरांकडे नेऊ, असं मनात ठरवलं. मनातच. तुझ्या मनगटावर बोटं ठेवून मोजायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी स्वतःची नाडी मोजली, तुझी नाही.

शुक्रवारी तू वर्गात कोसळलीस. तुला वापीच्या हॉस्पिटलात नेलं. तापाच्या विषाणूने हृदयाच्या स्नायूला सूज आली होती. तू चार दिवस काढलेस आणि गेलीस. नंतर मी डॉक्टरांना विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, कदाचित. खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. त्या एका 'कदाचित'वर मी नऊ महिने काढले. कधी वाटायचं, त्याने काही बदललं नसतं. कधी वाटायचं, तू आत्ता स्वयंपाकघरात असतीस.

रविवारी गार्गीने घड्याळ मागितलं. तीही आता नाशिकला सकाळी पळते. ते देण्याआधी तुझी माहिती पुसायला मी सेटिंगमध्ये गेलो आणि मला ते जमेना. तिने विचारलं, बाबा, काय झालं? तेव्हा सगळं सांगून टाकलं. अगदी चौसष्टचा आकडासुद्धा.

ती बॅग भरत होती. तशीच जमिनीवर बसून राहिली. मग तिने एकच विचारलं, "घड्याळ ठीक आहे, हे आईला माहीत होतं?"

मी नाही म्हणालो.

"म्हणजे शेवटपर्यंत आईला वाटत होतं, की तिला उगाचच दमायला होतंय."

मी डॉक्टरांकडे नेलं नाही, ही एकच चूक घेऊन मी इतके महिने बसलो होतो. पण तुझं शरीर तुला खरं सांगत होतं आणि मी तुला ते खोटं ठरवून दिलं, हे मला आपल्या लेकीने दाखवलं. त्या शेवटच्या दिवसांत तू स्वतःलाच आळशी म्हणत होतीस, ते मला आता आठवतं. माझ्यावर का नाही रागावलीस? एकदा तरी म्हणायचं होतंस, की घड्याळ ठेवा बाजूला आणि माझ्याकडे बघा.

तिने माझ्या हातातून घड्याळ घेतलं, "यातलं काहीही पुसायचं नाही," एवढं म्हणाली आणि त्यानंतर गप्पच झाली. मी स्टँडपर्यंत सोडायला गेलो, तर ती खिडकीतून दुसरीकडे बघत राहिली. भरून ठेवलेला डबा इथेच राहिला. तिच्या आवडीची शेवेची भाजी केली होती, तुझ्यासारखी नव्हती, पण केली होती.

चार दिवस फोन आला नाही. आज सकाळी आला. म्हणाली, "बाबा, मी रागावलेली आहे. अजून बरेच दिवस राहीन. तुम्ही जेवताय ना?" मी हो म्हणालो. तिने फोन लगेच ठेवला नाही. आम्ही दोघं तो तसाच कानाला धरून होतो.

तुझी माफी मागण्यासाठी हे लिहीत नाही. माफी देणारीच राहिली नाही, तर मागून काय करू? एकच शब्द देतो. गार्गी हे पुन्हा विचारेल, लग्नानंतर विचारेल, स्वतः आई झाल्यावरही विचारेल. दर वेळी मी तिला हे असंच, काही न वगळता सांगेन. ती रडली तर विषय बदलणार नाही आणि 'कदाचित'च्या मागे लपणार नाही. तिचा राग संपेल तेव्हा संपेल, मी तो शेवटपर्यंत ऐकून घेईन.

तुझं ऐकायचं राहिलं, तो
तुझा दिलीप