विमानाच्या दाराचा रंग

प्रिय माऊ,

हाताखाली सहा माणसे असलेल्या एकतीस वर्षांच्या बाईला या नावाने हाक मारणे शोभत नाही, हे मला समजते. परंतु हे पत्र तुझ्या कार्यालयात कोणी वाचणार नाही, असे गृहीत धरतो. फोनवरही सांगता आले असते. पण फोनवर तू ‘बाबा, मुद्द्यावर या’ म्हणतेस आणि मी घाईघाईत मुद्दाच गिळून टाकतो. म्हणून लिहितो आहे. आरंभीच एक कबुली देतो. आईचे दिवस करून परत जाताना तू मला बजावले होतेस, ‘आईच्या कॉम्प्युटरला हात लावू नका, मी आले की सगळं नीट बघते.’ मी हात लावला आहे. गेले अडीच महिने रोज सकाळी नऊ ते साडेअकरा मी त्याच्यापुढे बसतो. तुझ्या आईचे शेवटचे विमान अर्धवट राहिले आहे, आणि ते पुरे झाल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तिचा हा उद्योग तुला ठाऊक होता, पण त्याचे तपशील ठाऊक नसावेत. कॉम्प्युटरवर विमान चालवण्याच्या त्या सिम्युलेटरमध्ये (त्याला खेळ म्हटले की ती रागवायची) विमाने कोरी मिळतात. त्यांची कातडी, म्हणजे टेक्स्चर, उसवलेल्या कोटाच्या तुकड्यांसारखी सपाट समोर येते : डावी बाजू, उजवी बाजू, पंख, शेपूट. त्यांवर रंगवायचे आणि पुन्हा विमानाला चढवायचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर चित्रकलेच्या बाईंना हा छंद लागला आणि घराचा विमाने ठेवायचा हँगर झाला. आमची विमान कंपनी बंद पडून किती वर्षे झाली, पण तिची विमाने तुझ्या आईने एकेक करून पुन्हा उडवली. मी एकदा म्हणालो, घरच्या भिंतींचे पोपडे पडत आहेत आणि तू विमाने कसली रंगवतेस? तर म्हणाली, ‘अहो, भिंती कुठे उडून जातायत?’

मी अठ्ठावीस वर्षे विमानांच्या नोंदी ठेवण्याच्या विभागात काढली. त्यामुळे ‘अहो, शेपटीवरची अक्षरं केवढी होती?’, ‘अहो, पट्टा खिडकीच्या वरून जायचा की खालून?’ असे प्रश्न दिवसभर माझ्याकडे येत. मी वर्तमानपत्र तोंडापुढे तसेच धरून सेंटिमीटरमध्ये उत्तर देत असे. ते खाली ठेवून उत्तर दिले असते तर काही बिघडले नसते.

मी हे काम शिकलो कसे, हे विचारू नकोस. पहिल्या आठवड्यात डावी बाजू तयार दिसली म्हणून मी तीच उलटवून उजवीकडे लावली. विमान धावपट्टीवर आले तेव्हा उजव्या अंगावर कंपनीचे नाव आरशात पाहावे तसे उमटले होते. दुसऱ्या आठवड्यात इंजिनामागे मला काजळीचे डाग दिसले. आजारपणात तिचा हात हलला असेल, असे समजून मी ते सगळे पुसून स्वच्छ केले. विमान एकदम दुकानातल्या खेळण्यासारखे दिसू लागले. मग लक्षात आले की डाग चुकून पडलेले नव्हते. तिने ते तीन दिवस खपून काढले होते. सुदैवाने तिने प्रत्येक गोष्ट वेगळ्या लेअरवर ठेवली होती. एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे हे थर असतात. हवा तो दाखवावा, नको तो झाकावा. मूळ प्रतही तिने जपून ठेवली होती. डाग परत मिळाले. मी खुर्चीत मागे टेकून तिची चक्क क्षमा मागितली. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारले, ‘कोणाशी बोलताय?’ मी म्हणालो, इंजिनाशी.

आता त्या विमानाविषयी. आमच्या कंपनीच्या चाळीस आसनी पंख्यांच्या विमानांपैकी हे तिसरे. याच विमानातून आम्ही तुला दत्तक घेऊन संस्थेतून घरी आणले. तू साडेतीन महिन्यांची होतीस आणि विमानाने चाके उचलल्यापासून टेकवेपर्यंत रडलीस. त्याच विमानात बसलेल्या माझ्या एका वरिष्ठाने त्यानंतर कित्येक दिवस माझ्याशी बोलणे टाळले. तुझी आई हे विमान तुझ्यासाठी रंगवत होती. तुला ते पूर्ण झाल्यावरच दाखवायचे होते, म्हणून तुला पत्ता लागू दिला नाही.

या विमानाच्या पुढच्या दारावरून आमच्यात एक वाद होता, तुझ्याच वयाचा. तिचे म्हणणे, त्या दिवशी दाराचा रंग बाकीच्या विमानासारखा नव्हता. माझे म्हणणे, आमच्या कंपनीत असा गलथानपणा होणे शक्य नाही. ते विमान मी रोज पाहत होतो आणि पट्टा दारावरूनही शेवटपर्यंत एकसारखा गर्द हिरवा होता. प्रत्येक वेळी ती ‘बरं बाई, तुमचं खरं’ म्हणून पदर खोचून कामाला लागायची आणि मी तो माझा विजय समजायचो. रुग्णालयात शेवटच्या आठवड्यातही तिने विचारले, ‘काय हो, दार अजून हिरवंच का?’ मी म्हणालो, हिरवेच. ती हसली. औषधाने तोंड कोरडे पडले होते, तरी बराच वेळ हसत राहिली.

मागच्या मंगळवारी मी त्या दाराशी पोहोचलो. तिथे दोन लेअर होते. एकाला तिने नाव दिले होते ‘ह्यांच्या मते’, दुसऱ्याला ‘माझ्या मते’. मी एक झाकला, दुसरा उघडला. काहीच बदलले नाही. पुन्हा केले, तरी दार जसेच्या तसे. फाइल बिघडली असावी अशी माझी खात्री झाली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, चष्मा पुसला. शेवटी सवयीने मी आकडे पाहिले. प्रत्येक रंगाचे तीन आकडे असतात : त्यात लाल किती, हिरवा किती, निळा किती. दोन्ही लेअरचे आकडे कुठेच जुळत नव्हते. मी ते कागदावर उतरवून दोनदा ताडून पाहिले. फाइल उत्तम होती.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या कंपनीच्या रंगकाम विभागातल्या जुन्या मिस्त्रींना फोन लावला. त्यांना ऐकू कमी येते, त्यामुळे हा संवाद सबंध गल्लीने ऐकला असावा. म्हणाले, ‘अहो साहेब, तपकिरीच होतं की! शिडीची गाडी आपटून जुनं दार चेपलं, म्हणून दुसऱ्या कंपनीच्या मोडीतल्या विमानाचं काढून लावलं. रंगवायला सवडच नव्हती, पाच महिने तसंच उडलं. पण बसलं असं झकास, की ह्याच विमानासाठी घडवलं असावं! तुम्ही रोज बघत होता, आणि आज विचारताय?’ मी म्हणालो, विसरलो असेन. ते खोटे होते.

माऊ, मी विसरलो नव्हतो. मला ते कधी दिसलेच नव्हते. हिरवा आणि तपकिरी यांतला फरक माझ्या डोळ्यांना कळत नाही. तरुणपणी विमानदुरुस्तीच्या नोकरीसाठी तपासणी झाली तेव्हा याच कारणाने मला नाकारून नोंदींच्या टेबलावर बसवले. ही गोष्ट मी लग्नाच्या वेळी फक्त तुझ्या आईला सांगितली, आणि ‘कोणापाशी बोलू नकोस’ असे बजावले. पुढे मी स्वतःच ती सोयीस्करपणे मनातून काढून टाकली. माझे सदरे, मोजे तुझी आई जुळवून काढून ठेवायची. ते मी केवळ प्रेमाचे काम समजत होतो. आमचा तो शिडीजवळचा फोटो, ती तुला पोटाशी धरून उभी आहे आणि मागे ते दार आहे, तीस वर्षे बैठकीत लागलेला आहे. माझ्याशिवाय प्रत्येकाला तो रंग दिसत होता. तू सहा-सात वर्षांची असताना खुर्चीवर चढून म्हणाली होतीस, ‘पण बाबा, दार तर...’ आणि तिने तुला वाक्य पुरे न करू देता पाणी आणायला पिटाळले होते. मला तेव्हा वाटले, तिला खरोखरच तहान लागली असेल. एका शब्दात तिने तो वाद जिंकला असता. तो शब्द मी तिला बोलू नकोस म्हटले होते, आणि तिने तो माझ्यापुढेसुद्धा उच्चारला नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. ‘माझ्या मते’च्या खाली तिने तपकिरी रंगाच्या अकरा छटा करून ठेवल्या आहेत. त्यांतली फोटोशी कोणती जुळते, हे ठरवायचे तिच्याकडून राहून गेले. माझ्यापुढे ते अकरा आकडे आहेत आणि दिसणारा रंग एकच आहे. आकड्यांवरून मी कोणताही निवडू शकतो. पण हे दार मी एकदा चुकवले आहे, आता पुन्हा नाही. मला तुझे डोळे हवे आहेत. मी कधी कोणाकडे काही मागितले नाही, त्यामुळे कसे मागतात हे नीट जमत नसेल, तर सांभाळून घे. रजा मिळेल तेव्हा ये, माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बस, फोटो पडद्याला लावून धर आणि ‘बाबा, हा’ एवढे म्हण. ‘ह्यांच्या मते’ हा लेअर मी कायमचा बंद केला आहे. तोवर विमान धावपट्टीवर तसेच उभे आहे, दाराच्या जागी कोरा पत्रा घेऊन.

तुझी वाट पाहणारा, तुझाच,
बाबा