एका जागेसाठी दोघी

ती. दादा,
साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि वहिनीचा स्वभाव, दोन्हींना उतार पडला असेल असं धरून चालते. मी बरी आहे.

लेकीला करसल्लागार व्हायचंय म्हणून तू तिला माझ्याकडे पाठवलीस आणि वर बजावलंस, की महिन्याभरात कुठे चिकटली नाही तर परत येऊन तुझ्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. पोरीने धसका घेतलाय. (जन्मभर खिळे तोलण्याचा धसका कुणीही घेईल.) म्हणून मीच चौकशीला निघाले. दादा, या धंद्यात शिरायची वाट विचारावी, तर जो तो स्वतः ज्या वाटेने आला तीच खरी आणि बाकीच्या खड्ड्यात जातात, असं शपथेवर सांगतो. कॉलेजातले प्राध्यापक म्हणाले, आधी परीक्षा. पास व्हायला किती वर्षं लागतात म्हणून विचारलं, तर ते स्वतः अजून देताहेत. शेजारचे निवृत्त कर-अधिकारी म्हणाले, आधी सरकारी खात्यात शिरा, उमेदीची वर्षं लोकांना नोटिसा धाडा, मग बाहेर पडून त्याच नोटिसांना उत्तरं लिहायची फी घ्या. (हे सांगताना त्यांना लाज तर नाहीच, उलट दुसरा कप चहा हवा होता.)

शेवटी कळलं, एका करसल्लागाराच्या कचेरीत एक उमेदवार हवाय. पदवी असली की पुरे. काम करता करता शिकवतात, परीक्षा सावकाश. तिथली पद्धत अशी, की मुलाखत घेतच नाहीत. उमेदवाराला बाहेरच्या खोलीत एखाद्या चिडलेल्या अशिलाशेजारी बसवतात आणि साहेब काचेतून बघतात. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मी आपली सोबत म्हणून गेलेले. तिथे एक फर्निचरवाला पिशवीभर बिलं मांडीवर ओतून कचेरीच्या नावाने बोटं मोडत होता. तुझी लेक अदबीने म्हणाली, "काका, पाणी देऊ का?" मला मात्र तो पसारा बघवेना. बिलं ओढून घेतली आणि महिनेवार लावायला बसले. त्यात बायकोच्या बांगड्यांचं बिल, आणि वर लिहिलेलं 'दुकानाची डागडुजी'!

"बांगड्या भिंतीला घातल्यात का?"

"बाई, सगळेच दाखवतात..."

"सगळे विहिरीत उडी मारतील. हे बिल घरी न्या. आणि सरळ बसा."

तो सरळ बसला. साहेब बाहेर आले. "उद्यापासून येता?" मी म्हटलं, येईल की भाची. "तिला नाही हो, तुम्हाला विचारतोय."

मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. भाचीची जागा, माझं वय, त्यांची ही चोरून बघायची खोड, सगळं ऐकवलं. तर म्हणतात कसे, "हे असंच अशिलांशी बोलायचं."

तुझी,
धाकटी बहीण

ता. क. : जागा मी घेतली. पोरीनेच घ्यायला लावली. म्हणते, "आत्या, तू कचेरीच्या वाटेने जा, मी परीक्षेच्या. तू शिकशील ते मला सांग, मी वाचेन ते तुला. फक्त बाबांना तू कळव." कळवलं. ती इथेच राहील. गल्ल्यावर दुसरं माणूस बघ.

ता. क. २ : हे विचारतात, डबा कोण भरणार? ज्याचा त्याने भरावा.

ता. क. ३ : साहेबांना माझं पदवीचं प्रमाणपत्र हवंय. माझं लग्न ठरलं तेव्हा 'आता हे कशाला लागणार' म्हणत तू ते माळ्यावर टाकलंस. लागलं. रजिस्टर पोस्टाने पाठव.