भर दुपारी पाण्यापाशी

अण्णा, इथे आखातात उन्हाळ्यात बारा वाजले की रस्त्यावर चिटपाखरू राहत नाही. भिंती पांढऱ्या, आभाळ पांढरं, आणि सगळीकडून एसीची एकच घरघर. देवापुढचं निरांजन शांत होईपर्यंत मी हात जोडून बसते आणि मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी येते. हे जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहितेय. कोरा कागद खर्चायला जीव होत नाही, आणि तुम्हाला लिहिलेलं टाकायचं तरी कुठल्या पेटीत?

ज्या वर्षी इथे नगरपालिकेच्या मंडळासाठी पहिल्यांदा मतदान झालं, त्याच सुमारास आम्ही अबू हमूरच्या या घरात आलो. एका मोठ्या व्हिलाचे भाग पाडून चार कुटुंबांना दिलेत. चौकाचौकांत उमेदवारांचे फोटो लागले होते. आपल्याला मत नाही, तरी मी गाडीतून एकेक चेहरा न्याहाळायची आणि मनात म्हणायची, यांतला कोण उन्हात जाऊन बसेल? आमच्या कुंपणाच्या भिंतीत मालकाने त्याच्या आईच्या नावाने थंड पाण्याचं मशीन बसवलंय. नळ रस्त्याच्या बाजूला, बटण आतल्या बाजूला. बांधकामावरचे लोक दुपारच्या सुट्टीत येतात, बिहारचे, नेपाळचे, केरळचे, आणि पोटभर पितात. बटण बंद केलं की घटकाभरात त्याच नळातून कढत पाणी येतं. कुणाला हाकलायचं तर तेवढं पुरतं.

तुम्ही नगराध्यक्ष झालात तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. गावच्या तळ्यावर दलित वस्तीतल्या बायकांना हात लावू देत नसत. तुम्ही ठराव केलात, पाटी लावलीत, दवंडी पिटवलीत. तरी कुणी आलं नाही, कारण पायरीवर चारदोन जण काठ्या टेकून उभे असायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते उभे. मग तुम्ही काळी छत्री घेतलीत आणि रोज दुपारी जाऊन त्या पायरीवर बसायला लागलात. कचेरीच्या फायली तिथेच, सह्याही तिथेच, आणि शेजारी बायका घागरी भरायच्या. मी ताक घेऊन यायची. येणारेजाणारे खिजवायचे, "नगराध्यक्ष झालात की पाणक्या?" तुम्ही म्हणायचात, "पाणक्याला निदान पगार असतो." एकदा मी विचारलं, "अण्णा, तुम्ही इथे काहीच करत नाही, मग बसता कशाला?" तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत. "मी उठलो की इथे दुसरं कुणीतरी येऊन उभं राहतं," एवढंच म्हणालात. पुढच्या निवडणुकीत लोकांनी तुम्हाला पाडलं. खुर्ची गेली, बसणं गेलं नाही. त्या शेवटच्या दुपारी बायकांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ पाणी भरलं म्हणे, कारण तुम्ही उठलाच नाहीत. छत्री तशीच उघडी होती. त्यानंतरही दुपारी पायरीवर काळी छत्री दिसते असं गाव म्हणू लागलं, आणि काठ्यावाले पुन्हा तिकडे फिरकले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या पुण्याच्या बाई खाली आल्या. "काकू, दुपारी मशीन बंद ठेवायचं ठरलंय हं सगळ्यांचं. माझी मुलगी स्कूलबसमधून उतरते आणि गेटपाशी हे एवढे पुरुष."

"पाण्यापुरते येतात गं. पितात आणि जातात."

"जातात कुठे? सावलीत पसरतात. आणि तुमचे वडील तर म्हणे नगराध्यक्ष होते. शिस्त काय असते हे तुम्हाला मी सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यादेखत बटण बंद केलं. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं तर रस्त्याकडेला, नळाशेजारी, कुणीतरी पाठमोरं बसलेलं. काळी छत्री. धोतराचा सोगा मातीत लोळत होता, आणि वारा नसताना हलत होता. रामरक्षा म्हणत जिना उतरले. बाहेर कुणी नव्हतं. माणसं ओंजळी धरून पीत होती, आणि बटण चालू होतं. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्याही दिवशी तेच. पुण्याच्या बाई दारात येऊन फणकारल्या, "काकू, पटत नसेल तर तोंडावर सांगा. मागून बटणं काय चालू करता?" देवाशपथ सांगते अण्णा, मी हात लावला नव्हता. मला वाटलं, माझ्या मनाचे खेळ. पण सायंकाळी कचरा टाकायला गेले तेव्हा तिथला एक मजूर अदबीने म्हणाला, "अम्मा, वो छातेवाले बाबा आपके घर के हैं? बात नहीं करते. बस बैठे रहते हैं."

आईला फोन लावला. तुमची शांत करायची का, काय घालायचं, काय वाहायचं, सगळं विचारलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इतकी वर्षं बसून दमले असतील गं. तू बस की थोडी."

म्हणून प्लास्टिकची खुर्ची घेऊन मी भिंतीच्या सावलीत बसू लागले. हे म्हणाले, "वा! आता घरात वॉचमन ठेवायला नको." पुण्याच्या बाई दोनदा जिन्यापर्यंत आल्या, मला पाहून परत वर गेल्या. त्यांच्या मुलीला बसपासून मीच हात धरून आणते, त्यामुळे त्यांचं तोंड बंद आहे. पण मी बसले नाही तर बटण बंद होणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे. आणि अण्णा, मी बसल्या दिवसापासून तुम्ही आला नाहीत. मजूरही विचारत नाहीत. तुम्ही सुटलात म्हणून रोज देवापुढे साखर ठेवते.

आज मात्र मी खाली गेले नाही. डोकं दुखतंय असं यांना सांगितलं, ते खोटं आहे. त्या मुलीलाही आज शाळा नाही, हे बघूनच दिवस निवडला. मला तुम्ही हवे आहात, पाठमोरे का होईना. आत्ताच जिन्यावर चपला वाजल्या, मग बटणाचा खटका. पहिला माणूस नळाखाली ओंजळ धरतोय. पाणी अजून थोडा वेळ गार असेल. कडेला कुणी नाही. मी अजून खिडकीपासून उठलेले नाही.