मला कोण काय विचारणार!

६ फेब्रुवारी
लुसिनेच्या ग्रीन कार्डच्या मुलाखतीचं पत्र आलं. सत्तावीस मार्च, इथेच बफेलोत. नवरा-बायको दोघांनी हजर राहायचं आणि लग्न खरं आहे हे साहेबांना पटवायचं. लग्नाला तीन वर्षं झाली, आणखी काय हवं? लुसिने पडली आर्मेनियाची, घाबरणारच. मी इथलाच. म्हटलं, सगळं माझ्यावर सोड. ती भांडी घासत राहिली. विश्वास आहे.

९ फेब्रुवारी
सराव घेतला. मी साहेब, ती उमेदवार. माझी ब्लडप्रेशरची गोळी, माझा दुखरा गुडघा (उजवा), माझ्या भावाच्या पहिल्या बायकोचं नाव, सगळं बरोबर. शाबासकी दिली. आता तुझी पाळी, म्हणाली. मी हसलो. नागरिक मी आहे, मला कोण काय विचारणार!

१८ फेब्रुवारी
लुसिने हल्ली रोज काळेच कपडे घालते. बारीक दिसते. छान दिसतेस, म्हटलं. बायकांचं असं अधूनमधून कौतुक करावं. उठून आत गेली. लाजली.

४ मार्च
गॅरी म्हणाला, रॉडनी, बायकोचा वाढदिवस तरी पाठ कर. गॅरी आमच्या टेनपिन बोलिंगच्या टीममध्ये आहे. त्याला सगळ्यांच्या घरचं सगळं ठाऊक असतं. अशी माणसं खेळात मागेच राहतात.
तरी संकल्प: रोज लुसिनेबद्दल एक गोष्ट शिकणे. आज डोळ्यांचा रंग. तपकिरी असावा. उद्या बघतो.

५ मार्च
बघायचं राहिलं. बोलिंगच्या सरावाला उशीर होत होता.

१७ मार्च
संकल्प आठवड्यातून एकदा असा बदलला. झेपेल असंच ठरवावं.

२६ मार्च
निळा टाय काढून ठेवला. लुसिनेने फोटोंचा अल्बम, भाड्याचा करार, बँकेची कागदपत्रं असं सगळं लावून ठेवलंय. मी टायला इस्त्री केली.

२७ मार्च, दुपारी
झालं. सविस्तर लिहितो, नाहीतर लुसिने उद्या भलतंच सांगेल.
अधिकारी बाई होत्या, पन्नाशीच्या. आधी लुसिनेला विचारलं. ती घडाघडा बोलली, माझ्या घोरण्यासकट. मग बाई माझ्याकडे वळल्या. हे अनपेक्षित. बायको कुठे काम करते? म्हटलं, दातांचं काहीतरी. वाढदिवस? उन्हाळ्यात. लुसिनेने खाली मान घातली. (ऑक्टोबर.)
मग विचारलं, सासूबाई कशा आहेत. इथे मी बाजी मारली. म्हटलं, एकदम ठणठणीत, गेल्याच आठवड्यात फोनवर बोलणं झालं, माझ्यावर फार जीव आहे त्यांचा.
बाई लुसिनेकडे बघत राहिल्या.
लुसिने माझ्याकडे न बघता म्हणाली, “जानेवारीत सांगितलं होतं तुला. आई गेली म्हटलं. तू विचारलंस, कुठे?”
मला आठवत नाही. पण विचारलं असेन, तर प्रश्न वाजवी होता.
बाईंनी लुसिनेला टिश्यूचा डबा दिला. पेन खाली ठेवलं. मग मला म्हणाल्या, “खोटं लग्न लावून येणारे नवरे बायकोच्या आजीचंसुद्धा नाव पाठ करून येतात. ज्याला इतकं काहीच माहीत नाही, तो खरा नवराच असणार.”
अर्ज मंजूर. माझ्यामुळे.

२८ मार्च
लुसिने काल गाडीत बोलली नाही. आजही नाही. ताण उतरला की थकवा येतो. सासूबाईंचं वाईट झालं. फुलं पाठवावीत का, असं विचारलं. म्हणाली, कुठे?

२० एप्रिल
कार्ड आलं. थेट दहा वर्षांचं. केक आणला. बघ, करून दाखवलं की नाही, म्हटलं. तिने माझे आभार मानले. मग म्हणाली, शनिवारी मी जाणार, कायमची. मी म्हटलं, शनिवारी टूर्नामेंट आहे, गाडी मला लागेल. म्हणाली, गाडी नको, सोय झालीय.
राग आहे. दोन दिवसांत निवळेल.

२५ एप्रिल
घरी आलो तर सोफा नाही. कपाटात तिच्या बाजूला नुसते हँगर. टूर्नामेंट जिंकलो. गॅरी आलाच नव्हता, त्याच्याशिवाय जिंकलो.

३ मे
गॅरीने स्वतःच सांगितलं. त्या शनिवारी तो आणि त्याची बायको लुसिनेचं सामान हलवत होते. रॉचेस्टरला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पत्ता मागितला. दिला नाही. तिनेच नको म्हणून सांगितलंय.
माझ्याबद्दल काही बोलली का, विचारलं. गॅरी म्हणाला, एक अक्षर नाही, दिवसभर गाणी लावली होती तिनं.
म्हणजे किती खचली असेल.