थबकू कासवाचा आवाज

मोहाडी, दि. ४ जानेवारी २००९

चि. हर्षा हिस आबाजींचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या ‘थबकू कासव’ या चित्रपटाच्या पहिल्या भागात कासवाला दिलेला तुझ्या आजीचा, शकुनबाईचा आवाज बालवाडीतील मुलांना आवडला, हे मान्य. परंतु काहून रे बेटा, कुठी चालला, असे बोलणारे कासव लहानांपुढे पुन्हा आणणे मला प्रशस्त वाटत नाही. शिवाय शकुनबाईचा घसा बरा नाही आणि तिची इच्छाही नाही. दुसऱ्या भागाचे संवाद मी शुद्ध करून देतो. आवाजही माझाच घ्यावा. नागपूरला केव्हा येऊ, ते कळव.

कामाइतकीच प्रकृतीकडेही दृष्टी असू दे.

तुझा आबाजी,
ताराचंद

नागपूर, दि. १७ मे २००९

ती. आबाजींना शि. सा. नमस्कार वि. वि.

दुसरा भाग इथल्या बालवाडीत दाखवला. पाचव्याच मिनिटाला मुले उठून चपला शोधू लागली. एक चिमुरडी म्हणाली, हे कासव रागावते. चित्रेही माझी घाईची झाली, तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आजीचा घसा कसा आहे? फोन केला की तुम्ही ती निजली म्हणता. माझ्यावर रागावली का ती? तिसरा भाग मी तिच्याशिवाय करणार नाही. तिला जमत नसेल, तर थबकूची गोष्ट इथेच संपली.

माया आहे तशीच राहू द्या.

आपली,
हर्षा

मोहाडी, दि. २३ मे २००९

चि. हर्षा, आशीर्वाद लिहिण्यास आज हात धजत नाही. तरी ते आहेतच.

शकुनबाईचा घसा कधीच बिघडला नव्हता. मी तिला विचारलेच नव्हते. जानेवारीत ती मागच्या अंगणात दुसऱ्या भागासाठी कासवाचे हसू घोळवीत असे; ते ऐकूनही मी गप्प राहिलो.

काल तुझे पत्र तिला वाचून दाखविले व खरे ते सांगितले. ती मागासाठी सुताच्या कांड्या भरीत होती. हात थांबला नाही. म्हणाली, मले वाटलं पोरीले माह्या बोलण्याची लाज वाटून राहिली. म्हणूनच तुझा फोन वाजला की ती उठून जाई. मी मात्र तुला ती निजल्याचे सांगत असे.

आज सकाळी तिने पिशवी भरली. स्टँडपर्यंत सोबत येतो म्हटले, तर म्हणाली, वाट ठाऊक हाय मले, तुमी घरीच राहा. हे पत्र मिळण्यापूर्वी ती तुझ्या दारी पोहोचलेली असेल. तिने काही बोलून दाखविले, तर माझी बाजू घेऊ नकोस.

तिच्यावरील लोभ वाढवावा. उरल्यास माझ्यासाठी ठेवावा.

तुझा,
ताराचंद